खळ लावलेलं पान

४ फेब्रुवारी

चि. उंदरास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं कळवलं नाहीस, म्हणजे पोचला असशील. फोन करत नाही याचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर आपण दोघं एकमेकांची वाक्यं तोडतो आणि मग कुणीतरी एकजण फोन आपटतो. पत्रात निदान माझं वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचतं.

आईचं पुन्हा बिनसलंय. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिच्याकडे हो, नको आणि तेच ते एवढेच शब्द उरले होते, हे तू बघितलंस. पण दुपारी मी दुकान बंद करून जेवायला आले की तिच्या मांडीवर आपलं ‘उलट्या दिव्यांचं बेट’ ठेवायचे आणि एकेक पान वाचत जायचे. मधलं ते जाड पान आलं, तिनेच खळ लावून चिकटवलेलं, की मी थांबायचे आणि ती बोलायची. खरंच बोलायची. तुटक, अडखळत, पण स्वतःच्या मनातलं. तू आला होतास तेव्हा हे सगळं मी तुला सांगत होते. त्या वेळी तू पट्टी घेऊन पुस्तकाची उंची मोजत होतास, आणि मान हलवत होतास म्हणून मला वाटलं ऐकतोयस.

तू गेल्यापासून ते बंद. मला गोष्ट पाठच आहे, मी न बघता जेवता जेवता म्हणत जाते; पुस्तक दिलं की निम्म्यापर्यंत ठीक असते. मग अंगठ्याने पानं चाचपते, पुढे जाते, मागे येते, परत पुढे. मग नको नको म्हणते. परवा तर डाव्या हाताने भिरकावून दिलं, ते थेट माझ्या कॉफीच्या कपावर. मी रागावले तिच्यावर. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, विसरणं वाढत असेल, आणि त्यांनी गोळी बदलली. नव्या गोळीने ती दिवसभर पेंगते. दुकानात मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलून आता स्पष्ट दिसतंय का विचारत असते, आणि घरी मलाच काही दिसेनासं झालंय.

तू जाताना पुस्तकाला खाकी कव्हर घालून दिलंस, ते मात्र छान केलंस. तेवढं एक काम या घरासाठी केलंस, म्हणून नोंदवते.

सौ. भावजयीला आणि छोटीला आशीर्वाद. लोभ आहे, कळव काहीतरी.

तुझी,
ताई

*

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईचं वाचून वाईट वाटलं. अशा आजारात बोलणं एकदा येतं, एकदा जातं, असं मीही कुठेतरी वाचलंय. डॉक्टर म्हणतात तसं कर. फार मनाला लावून घेऊ नकोस.

इकडे कामाचा रगाडा आहे. एका जुन्या दवाखान्याची लिफ्ट तपासायला गेलो, तर तिचं दार उघडतं आणि लिफ्ट मात्र अर्धा मजला वर. तीन वेळा लेखी दिलं, कुणी हलत नाही. लोक रोज त्यातून ये-जा करतात आणि मलाच म्हणतात, साहेब, तुम्ही फार घाबरट.

एक विनंती. आईला पुस्तक फेकू देऊ नकोस. कॉफी तर जवळपासही नको. तिच्या मांडीवर आधी उशी ठेव आणि त्यावर पुस्तक, म्हणजे पडलं तरी उशीवर. पुठ्ठ्याचे चारही कोपरे अजून टोकदार आहेत, ते एकदा दबले की संपलं, कुणी कितीही दुरुस्त केलं तरी पूर्वीसारखे होत नाहीत. आणि कव्हर अजिबात काढू नकोस. उजेडाने कापडाचा निळा रंग उडतो.

छोटीने आत्याला पापा सांगितलाय. तुमच्या दोघींच्या तब्येतीबद्दल काळजी आहेच. लोभ आहे तेवढा राहू दे, ही विनंती.

तुझा,
उंदीर

*

१२ फेब्रुवारी

चि. उंदरास,

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत.

चारही कोपरे टोकदार? आपल्या पुस्तकाचे? अरे, तुझं नाव उंदीर कशावरून पडलं ते विसरलास? दात येत होते तेव्हा त्या पुस्तकाचा खालचा कोपरा तू चघळून चघळून लगदा केला होतास. बाबांनी त्यावर कापडाची पट्टी चिकटवली होती, आणि आई सगळ्यांना कौतुकाने दाखवायची की हा बघा आमचा उंदीर.

मी कव्हर काढलं. आत निळंशार, गुळगुळीत, टोकदार पुस्तक. पट्टी नाही. आईच्या हाताचा तेलाचा डाग नाही. मधे जाड पान तर नाहीच, तिथे पानच नाही! दिवे लावणारी मुलगी एका पानावर विहिरीत उतरते आणि दुसऱ्या पानावर एकदम डोंगरावर. आई तीन आठवडे त्या विहिरीशी बसून अंगठ्याने वाट शोधत होती, आणि मी तिला म्हणत होते की असं काय करतेस, नीट बस. तिचं डोकं शाबूत होतं. माझंच ठिकाणावर नव्हतं.

मी दुकानात होते तेव्हा बदललंस ना? सांभाळणाऱ्या मावशी म्हणतात, तू त्यांना भाजी आणायला पाठवलं होतंस. तुला चोर म्हणणार नाही. चोराला निदान घाई असते. तू तर निवांत बसून कव्हर घातलंस, त्याच्या घड्याही किती सरळ!

त्या कव्हरचं मी कौतुक केलं होतं. ते वाक्य परत घेते.

आपलं पुस्तक कुठे आहे ते उलट टपाली कळव. आणि डॉक्टरांना मी काय सांगू, तेही सुचव. आई बरी आहे, भाऊ बिघडलाय?

तुझी (नाइलाजाने),
ताई

*

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते समजू शकतो. पण आधी पूर्ण वाच.

मी चोरी केलेली नाही. घरातली वस्तू घरातच आहे, फक्त या घरातून त्या घरात आलीय. आणि बदल्यात जी प्रत ठेवली ती माझ्याकडच्या सगळ्यात स्वच्छ प्रतींपैकी एक. तीही पहिलीच आवृत्ती. असली प्रत मी आमच्या पुस्तकसंग्राहक मंडळातल्या कुणाला बघायलासुद्धा देत नाही, ती आईच्या मांडीवर ठेवून आलो. मला वाटलं, तिला काय, पानं उलटायची, चित्रं बघायची. स्वच्छ प्रत असली तर बरंच की.

तुला हे माहीत नाही म्हणून सांगतो. हे पुस्तक निघालं तेव्हा मधल्या दोन पानांवर पसरलेलं सावलीखाऊचं चित्र होतं. मुलं ते बघून रात्रभर रडतात अशा तक्रारी गेल्या. मग प्रकाशकाने दुकानांतून उरलेल्या सगळ्या प्रती परत मागवल्या आणि ती पानं कापून टाकली. पुढच्या आवृत्त्यांत ती आलीच नाहीत. मूळ चित्र छापखान्यात गहाळ झालं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष तरुणपणापासून ते शोधताहेत. लहान मुलांच्या सचित्र अद्भुत गोष्टींचा एवढा मोठा संग्रह त्यांचा, पण सावलीखाऊ कसा दिसतो हे त्यांनाही ठाऊक नाही. कुणालाच नाही. आणि बाबांनी आपली प्रत पुस्तक निघाल्या निघाल्या घेतलेली, कापाकापीच्या आधीची. ते चित्र आपल्या घरात आहे, ताई! आईने खळ लावल्यामुळेच वाचलं. आत उजेड नाही, हवा नाही. रंग कालचे असावेत तसे असतील.

पुस्तक दुरुस्तीवाल्या बाईंकडे दिलंय. त्या ओलसर कापड ठेवून खळ सैल करतात. फार सावकाश चालतं. खालचा कोपरा सुटलाय, उरलेलं महिनाअखेरपर्यंत सुटेल. पुढच्या महिन्यात मंडळाचं प्रदर्शन आहे, त्यात मधोमध आपलं पुस्तक असेल. खाली आईचं नाव लिहिणार आहे. मग आणून देतो, शब्द देतो.

एवढं एकच माझ्यासाठी होऊ दे. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट तपासल्या, कुणी आभार मानले नाहीत.

लोभ कमी झाला असेल तर मागचा शिल्लक वापर.

तुझा,
उंदीर

*

१९ फेब्रुवारी

चि. उंदरास,

पूर्ण वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा जास्त संताप आला.

पानं सुटली की तिथे काय असेल? चित्र असेल, आणि चित्राखाली छापलेल्या ओळी असतील. मुलगी विहिरीतून डोंगरावर कशी गेली ते तिथे एकदाचं लिहिलेलं असेल. मग आईने काय बोलायचं?

तुला आठवतं का, नाही, तुला पुस्तकांची उंची आठवते, म्हणून मीच सांगते. तू सावलीखाऊला इतका भ्यायलास की पुस्तक घरात आहे म्हणून दारात बसून राहिलास, आत येईनास. आईने पिठाची खळ शिजवली आणि ती दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली. तुझ्या समोर, तुझा हात धरून, की बघ, आता तो बाहेर येत नाही. आणि त्या दिवसापासून तिथली गोष्ट ती स्वतःची सांगायची. रोज वेगळी. दिवसभरात आपण जे काही केलं असेल ते त्या पानात यायचं. मी शाळेत पैज लावून मैत्रिणीची वेणी कापली, त्या दिवशी सावलीखाऊने अख्ख्या बेटाच्या वेण्या कापल्या आणि मग थंडी वाजून रडत बसला. तू बाबांचा चष्मा मोडलास तेव्हा सावलीखाऊ चष्म्याशिवाय विहिरीत पडला. तिने आपल्याला कधी समोर बसवून झापलं नाही. जी काय बोलणी खायची ती त्या पानात खाल्ली आपण, आणि हसत खाल्ली.

तीच जागा आता तिच्या बोलण्यापुरती उरलीय. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या होत्या, कामाचे शब्द हिला सापडत नाहीत, पण त्या पानाच्या वाटेने जे येतात ते येऊ द्या, त्यात बदल करू नका. मागच्या महिन्यात तिथेच मला कळलं की रात्री तिचे पाय गार पडतात. कसं कळलं? सावलीखाऊला मोजे हवे होते म्हणून. दुसरीकडे कुठे ती हे सांगू शकत नाही रे. माझ्याकडे दुसरं दार नाहीये तिच्यात शिरायला.

तुझ्या अध्यक्षांना सांग, सावलीखाऊ आमच्याकडे असतो आणि त्याला पाहुणे चालत नाहीत.

पुस्तक आण. जसं असेल तसं आण. नाही आणलंस तर लोभाबिभाचं मी काही लिहिणार नाही.

ताई

*

२४ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली, कारण यांचं तोंड बंद आहे. तुमचं पत्र आल्यापासून जेवतात, कामाला जातात, परत येतात आणि पुस्तकांच्या खोलीत बसतात. मला आधी पुस्तक बदलल्याचं काही माहीत नव्हतं, हे शपथेवर सांगते. आता समजलं तेव्हा इतकी चिडले की त्या खोलीतलं हवा कोरडी ठेवायचं यंत्र बंद करून टाकलं. ते दहा मिनिटांत पळत आले बघायला. माझ्यासाठी असे कधी पळाले नाहीत.

ताई, तुम्हाला एकदाच भेट देऊन कळणार नाही आम्ही कसे राहतो. घरातली मोठी खोली पुस्तकांना, आम्ही तिघं उरलेल्यात. कपाटांना कुलपं. छोटी हात धुऊन, पुसून, दाखवून उभी राहते, तरी काचेबाहेरूनच बघायचं. मागे एकदा तिने विचारलं की ही कोणत्या मुलांची पुस्तकं आहेत? हे म्हणाले, लहान मुलांची. तिने विचारलं, मग ती मुलं कधी येणार? मला हसू आलं होतं तेव्हा. आता येत नाही.

काल मी यांच्याबरोबर दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेले, म्हटलं बघू तरी काय एवढं. बाईंनी भिंग दिलं. सुटलेल्या कोपऱ्यात सावलीखाऊच्या पायाची तीन बोटं दिसत होती. काळपट, बारीक, सुबक काढलेली. बाई म्हणाल्या, फार सुंदर काम आहे, आठवड्यात सगळं उघडेल. मंडळाच्या अध्यक्षांचा तेवढ्यात फोन आला, तो यांनी घेतला नाही. भिंगातून बघत बसले किती तरी वेळ. मग म्हणाले, हे पाय त्याचे नाहीत. आईच्या सावलीखाऊच्या पायात बाबांचे मोजे असायचे, टाचेला भोक पडलेले. आणि बाईंना थांबायला सांगितलं. बाई वैतागल्या. म्हणाल्या, अर्ध्यात सोडायचं होतं तर सुरू कशाला केलंत, आता कोपरा असाच लोंबेल. बरोबरच होतं त्यांचं.

पुस्तक आता आमच्याकडे आहे, यांच्या मांडीवर. परत आणायचं ठरलंय, पण आईंसमोर जायची हिंमत होत नाही असं दिसतंय. धक्का मारून पाठवते. तुम्ही फार रागावू नका असं म्हणणार नाही, रागवाच, पण दारातून परत पाठवू नका.

आईंना नमस्कार. तुमचा माझ्यावरचा लोभ यांच्यामुळे आटू नये, एवढंच मागणं.

आपली,
धाकटी भावजय

*

३ मार्च

चि. उंदरास,
अनेक आशीर्वाद. (राखून ठेवलेले सोडले.)

रविवारच्या तुझ्या वागण्याला काय म्हणावं तेच समजत नाही. एवढ्या लांबून आलास, बेल वाजवलीस, पुस्तक माझ्या हातात कोंबलंस, आई झोपलीय म्हटल्यावर तुझा चेहरा सुटका झाल्यासारखा झाला, आणि पाणीसुद्धा न घेता लिफ्टमध्ये शिरलास. कुरिअरवाला सही तरी घेतो. मी दारात उभी राहून हाक मारत होते आणि तू त्या दाराच्या फटीतून, गाडी चुकेल, गाडी चुकेल करत खाली गेलास.

बरं. आता ऐक.

आई उठली तेव्हा मी काही न बोलता पुस्तक मांडीवर ठेवलं. तिने उघडलंच नाही आधी. चघळलेला कोपरा शोधला, त्यावरच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग मी वाचायला लागले. दिवे लावणारी मुलगी विहिरीशी आली. आईने जाड पान हातात घेतलं आणि तिला तो सुटलेला कोपरा लागला.

मला वाटलं, आता उचकटून बघेल. किंवा फेकेल. तिने कोपरा बोटाने दाबून धरला आणि दुसरं काही न करता स्वयंपाकघराकडे बघत राहिली. तेच ते, म्हणाली. तेच ते, तेच ते. मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला. पातेल्यात पीठ-पाणी घेऊन खळ शिजवली. गाठी झाल्या. तिने नाक मुरडलं, ते बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! डाव्या हाताने तिने स्वतः कोपऱ्याला खळ लावली, निम्मी पुस्तकाला, निम्मी पदराला, आणि तळहाताने दाबून धरली. मला हात लावू दिला नाही. तुझी ती तीन बोटं आत गेली.

मग ती बोलली. महिन्याभराचं साठलेलं होतं. जसं आलं तसं सांगते, मधले थांबे तू मनाने घाल.

सावलीखाऊ झोपला होता. एक उंदीर आला. उंदराला चष्मा होता, हातात पट्टी होती. उंदराने सावलीखाऊ मोजला. लांबी मोजली, रुंदी मोजली. मग पिशवीत घातला आणि नेला. बेटावर सगळे गप्प झाले. दिवेवाली मुलगी शोधून शोधून दमली आणि तिने उगाचच म्हातारीला रागावलं. (हे माझ्याकडे बघून. म्हणजे मलाही सुटका नाही.) तिकडे उंदराने पिशवी उघडली तर सावलीखाऊचे पाय गार. उंदीर घाबरला. पळत आला, पिशवी दारात टाकली आणि पळाला. म्हातारीला भेटला नाही. लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट निघाली आणि अडकली.

इथे ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. मला वाटतं झटका आल्यापासून एका दमात ती इतकं बोललीच नव्हती. ती त्या वेळी झोपली नव्हती रे, डोळे मिटून पडली होती. तू दारातून पळालास ते सगळं तिने ऐकलं.

मी विचारलं, पुढे काय झालं, उंदीर सुटला का? नको, म्हणाली. कुणी उघडलं का दार? नको. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ते पान आलं. म्हटलं आज वेगळं काही निघेल, रोज वेगळं असतं. तर उंदीर तिथेच, दोन मजल्यांच्या मधोमध. परवाही तिथेच. काल पाऊस पडला बेटावर, उंदीर आतच. माझ्या आयुष्यात त्या पानातली गोष्ट दुसऱ्या दिवसावर गेलेली मी पहिल्यांदाच बघतेय. सांगून झालं की पुस्तक मिटते आणि दाराकडे बघते. माझ्याकडे नाही, दाराकडे.

डॉक्टरांनी जुनी गोळी परत दिली आहे. तुझी ती टोकदार प्रत मी छोटीला पाठवतेय, वेगळ्या पार्सलने. कव्हर काढून. तिच्या हातात द्यायची, काचेमागे नाही, आणि तिने काही सांडलं तर मला कळव, मी बक्षीस पाठवीन.

लोभ आहे. आईचाही आहे, पण तिने तो अडकवून ठेवलाय.

तुझी,
ताई

*

६ मार्च

ती. ताईस आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पार्सलही. छोटीने पहिल्याच दिवशी विहिरीच्या पानावर दूध सांडलं. मी दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहिलो, पण काही बोललो नाही. ती आता विचारतेय की मुलगी डोंगरावर कशी गेली. मी म्हटलं, हे एकाच माणसाला ठाऊक आहे.

मंडळाला कळवलंय की ते पान उघडत नाही. अध्यक्ष फार चिडले आहेत, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

शनिवारी छोटीला घेऊन येतोय. राहायला. आईला सांग, चारही मजले जिन्याने चढून येतो.

लोभ मागायला तोंड नाही, पण दार उघडशील ना?

तुमचा,
उंदीर